मधुमेहात अवयवांचे रक्षण : बांधावरच्या झाडांची मदत किती आणि औषधाची गरज किती?



कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीला दर्शनाला येणारा माणूस औदुंबराखालच्या पादुकांपुढे डोके टेकवतो आणि परत जाताना पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी घेऊन जातो. वाडीच्या चारी बाजूंना शिरोळ तालुक्याचा ऊस उभा आहे. एका बाजूला मधुमेहावर गुणकारी म्हणून पूर्वापार सांगितले जाणारे उंबराचे झाड आणि दुसऱ्या बाजूला साखर, गूळ व दुधाची मिठाई, असा हा परिसर आहे. त्यामुळे येथील घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : उंबराच्या सालीचा काढा, जांभळाच्या बियांची भुकटी किंवा कारल्याचा रस घेतला तर मधुमेहाची गोळी बंद करता येईल का? झाडपाल्याने डोळे, मूत्रपिंडे आणि पाय वाचतील का?

हा प्रश्न आज फार मोठ्या संख्येने लोकांचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेली देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता केवळ शहरातील बैठ्या माणसाचा आजार राहिलेला नाही. म्हणून वनस्पतींतील संरक्षक द्रव्ये म्हणजे काय, ती कोठवर उपयोगी पडतात आणि कोठे थांबतात, याची माहिती या लेखात दिली आहे.

वाढलेल्या साखरेने अवयव का बिघडतात?

शिरोळ भागातील शेतकऱ्याला क्षारपड जमीन नव्याने सांगावी लागत नाही. उसाला वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले, निचरा झाला नाही, की क्षार हळूहळू वर येतात. पहिली काही वर्षे पिकावर विशेष फरक दिसत नाही. वर पांढरा थर दिसू लागतो, तोपर्यंत जमीन आतून बिघडलेली असते. मग ती सुधारण्यासाठी चर काढणे, सच्छिद्र पाइप टाकणे असा मोठा खर्च करावा लागतो. मधुमेहात शरीराचे असेच होते. रक्तातील साखर वाढलेली असूनही अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही. आत मात्र नुकसान चालू असते.

हे नुकसान मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे जादा साखर शरीरातील प्रथिनांना चिकटते. रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजूनच मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी काढतात. या तपासणीस एचबीएवनसी म्हणतात. अशीच साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील प्रथिनांना चिकटली की त्या वाहिन्या ताठर आणि गळक्या होतात.

दुसरा प्रकार ऑक्सिडीकरणाचा आहे. विळा पावसात राहिला की गंजतो, शेंगदाण्याचे तेल जुने झाले की खवट होते, ही ऑक्सिडीकरणाचीच उदाहरणे होत. आपल्या पेशी साखर जाळून ऊर्जा तयार करतात, तेव्हा थोड्या प्रमाणात ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण बाहेर पडतात. त्यांना मुक्त कण म्हणतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त स्वतः करते. पेशीत साखरेचा लोंढा आला की हे कण गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि पेशीलाच इजा करतात. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडातील गाळण्या, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर या ठिकाणच्या पेशींना आत येणारी साखर रोखता येत नाही. त्यामुळे मधुमेहाचा घाव याच अवयवांवर आधी पडतो.

वनस्पतींतील संरक्षक द्रव्ये

झाडाला ऊन टाळून सावलीत जाता येत नाही किंवा किडीपासून पळता येत नाही. म्हणून ते स्वतःच्या बचावासाठी निरनिराळी द्रव्ये तयार करते. जांभळाचा व वांग्याचा जांभळा रंग, हळदीचा पिवळा रंग, आवळ्याचा व उंबराच्या सालीचा तुरटपणा, कारल्याचा कडूपणा हे अशाच निरनिराळ्या द्रव्यांमुळे येतात. यांपैकी जी द्रव्ये मुक्त कणांना निष्प्रभ करतात, त्यांना ऑक्सिडीकरणरोधक किंवा अँटिऑक्सिडंट म्हणतात. क व ई ही जीवनसत्त्वेही याच गटात येतात.

याचा पडताळा स्वयंपाकघरात सहज घेता येतो. तिळाचे तेल इतर तेलांच्या मानाने लवकर खवट होत नाही, कारण तिळात नैसर्गिक रोधक द्रव्ये असतात. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. त्यातील फिनॉल गटातील द्रव्ये हवेशी संयोग पावून खर्ची पडल्याने हा रंग येतो. त्यावर लिंबू पिळले तर काळेपणा उशिरा येतो.

आपल्या परिसरातील उपयुक्त वनस्पती

उंबर : आयुर्वेदात वड, पिंपळ यांच्याबरोबर उंबराची साल पंचवल्कलात धरली आहे. सालीत व फळात टॅनिन आणि फिनॉल गटातील द्रव्ये आहेत. कृत्रिमरीत्या मधुमेह घडवलेल्या उंदरांना सालीचा अर्क दिल्यावर साखर उतरल्याचे प्रयोगांत आढळले आहे. माणसांवरील मोठ्या व दीर्घ चाचण्यांचा आधार मात्र त्याला अजून नाही. साल काढण्यासाठी झाडे सोलू नयेत. खोडाची साल सभोवार निघाली तर झाड वाळते.

जांभूळ : गराला व सालीला रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये आणि बियांतील इलॅजिक आम्ल ही यातील महत्त्वाची द्रव्ये होत. हंगामात मूठभर जांभळे मधुमेही व्यक्तीने खाण्यास हरकत नाही. पानांच्या काढ्याची ब्राझीलमध्ये माणसांवर रीतसर चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांची साखर उतरली, जांभळाच्या पानांचा चहा घेणाऱ्यांची उतरली नाही.

आवळा : क जीवनसत्त्वाचा हा उत्तम स्रोत आहे. 100 ग्रॅम गरात साधारणतः 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक क जीवनसत्त्व मिळते. शिवाय तुरट टॅनिनही असतात. ताजा आवळा, मीठ लावून वाळवलेल्या फोडी किंवा कोशिंबीर या स्वरूपात तो वापरावा. मोरावळा आणि साखरेतील आवळा कँडी मधुमेहींनी टाळावी.

हळद : सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाळलेल्या हळदीत साधारणतः 2 ते 5 टक्के कुरकुमीन असते. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 240 व्यक्तींवर नऊ महिने चाचणी झाली व तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. कुरकुमीनच्या कॅप्सूल घेणाऱ्या गटात कोणालाही मधुमेह झाला नाही. दुसऱ्या गटात सुमारे 16 टक्के लोकांना झाला. हा निष्कर्ष आशादायक आहे. परंतु तेथे रोज 1.5 ग्रॅम कुरकुमीन दिले होते. 3 टक्के कुरकुमीन धरले तर त्यासाठी रोज 50 ग्रॅम हळद खावी लागेल. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीकडून तेवढ्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये.

मेथी : मेथीदाण्यातील चिकट तंतू आतड्यात साखरेचे शोषण मंद करतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत झालेल्या अभ्यासांत मेथीदाण्यामुळे मधुमेहींची साखर उतरल्याचे आढळले आहे. या यादीत माणसांवरील अभ्यासाचे पाठबळ मेथीला त्यातल्या त्यात बरे आहे. एक चमचा दाणे रात्री भिजत घालून सकाळी दाण्यांसह खावेत.

वांगी, शेवगा, कारले व कवठ : कृष्णाकाठच्या मळीतील वांगी सर्वदूर नावाजलेली आहेत. त्यांच्या सालीत व गरात रोधक द्रव्ये असल्याने वांगे सालीसकट शिजवावे, तेलात बुडवून तळू नये. शेवग्याचा पाला वाया घालवण्याऐवजी भाजीत वापरावा. कारल्याची भाजी चांगली, मात्र रसाबाबत पुढील सावधगिरीच्या सूचना वाचाव्यात. कवठाचा आंबट गर चटणीत उपयोगी आहे. त्याचीच बर्फी केली की साखरेचे प्रमाण इतके होते की मधुमेहीला गराचा लाभ राहत नाही.

गुळाविषयीचा गैरसमज

"साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो," असे अनेक मधुमेही सांगतात. कोल्हापूरच्या गुळात लोह, खनिजे व थोडी फिनॉल द्रव्ये आहेत हे खरे. पण सर्वसाधारणपणे गुळात 65 ते 85 टक्के सुक्रोज म्हणजे साखरच असते. उसाचा रस, काकवी व मध यांनाही हेच लागू आहे. निरोगी माणसाने गूळ जरूर खावा. मधुमेहीने तो साखरेच्याच हिशेबात धरावा.

प्रयोगशाळा आणि माणूस यांतील अंतर

एखाद्या कीटकनाशकाने बाटलीतील अळी मेली म्हणून विद्यापीठ त्याची शिफारस करत नाही. शेतावर, निरनिराळ्या हंगामांत, तुलनेसाठी काही सरी तशाच सोडून चाचण्या घेतल्या जातात, मगच शिफारस होते. औषधाचेही तसेच आहे. परीक्षानळीत मुक्त कण नष्ट करणारे द्रव्य माणसाच्या आतड्यातून पुरेसे शोषले जाईलच असे नाही.

ई जीवनसत्त्वाचे उदाहरण बोलके आहे. ते उत्तम ऑक्सिडीकरणरोधक आहे, म्हणून मधुमेहात हृदय व मूत्रपिंडे वाचवील अशी मोठी आशा होती. 'होप' नावाच्या चाचणीत 3654 मधुमेहींचा समावेश होता. ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस सुमारे साडेचार वर्षे देऊनही हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा बिघाड कमी झाला नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढल्याचे 1994 साली दिसून आले. तात्पर्य, भाजी-फळांतून मिळणारे द्रव्य आणि त्याची एकलकोंडी गोळी यांत फरक आहे.

याउलट साखर काबूत ठेवल्याचा लाभ पक्का सिद्ध झाला आहे. अमेरिका व कॅनडातील 1993 साली जाहीर झालेल्या चाचणीत इन्शुलिनवरील रुग्णांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर डोळ्यांच्या विकाराचा धोका 76 टक्के, मज्जातंतूंचा 60 टक्के आणि मूत्रपिंडांचा 50 टक्के कमी झाला. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाबाबत ब्रिटनमधील 1998 च्या अभ्यासात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी घटले. रक्तदाबही नियंत्रणात ठेवल्यावर ते 37 टक्क्यांनी घटले. मुक्त कणांचा उगमच वाढलेल्या साखरेत आहे. उघडा दरवाजा बंद केला तर शेतात पाणी साचत नाही. दरवाजा तसाच ठेवून बादलीने पाणी उपसत बसण्यात अर्थ नाही.

वनस्पतींना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. मधुमेहात सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध युरोपातील गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासातूनच पुढे आले. फ्रान्समधील डॉ. जाँ स्टेर्न यांनी त्याचा मधुमेहातील उपयोग 1957 साली प्रसिद्ध केला. मूळ वनस्पतीतील द्रव्य विषारी होते. त्यावर संशोधन होऊन, मात्रा ठरून आणि चाचण्या होऊन सुरक्षित गोळी तयार झाली.

सावधगिरीच्या सूचना

1. डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्शुलिन काढा सुरू केला म्हणून बंद करू नये. इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णाने ते सोडल्यास काही दिवसांत जिवावर बेतू शकते.

2. गोळीबरोबर कारल्याचा रस किंवा मेथीची मोठी मात्रा घेतल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. उपाशीपोटी उसाला पाणी पाजताना घाम फुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी व नंतर जेवावे. अशा वेळी मात्र साखरच औषध आहे. खिशात थोडी साखर ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता त्वरित दवाखान्यात न्यावे.

3. मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णाने कमरख हे फळ मुळीच खाऊ नये, त्याने मेंदूवर विषारी परिणाम होतो. नारळपाणी, पालेभाज्या व फळांचे रस किती घ्यावेत हे डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांतील पोटॅशियम अशा रुग्णाच्या रक्तात साठते.

4. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असे समजू नये. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या वनस्पतींच्या मिश्रणामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्याकडील सापसंद म्हणजे ईश्वरी ही त्याच कुळातील वनस्पती आहे.

5. जत्रेत व रस्त्याकडेला विकली जाणारी बिननावाची भुकटी घेऊ नये. अशा भुकट्यांत मधुमेहाच्या गोळ्यांचे चूर्ण किंवा जड धातू सापडल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.

6. वांगी, कारली घरच्या शेतातील असली तरी फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ पाळूनच तोडावीत व धुऊन वापरावीत.

बांधावर व परसात लागवड

उसाच्या पट्ट्यात घरच्या भाजीची जागा कमी होत गेली आहे. मधुमेह असलेल्या घराने एक गुंठा तरी परसबागेसाठी राखून ठेवावा.

आवळा हे झाड क्षार व चोपणपणा बऱ्यापैकी सहन करते. त्यामुळे ऊस परवडेनासा झालेल्या तुकड्यात त्याचा विचार करता येतो. प्रथम माती परीक्षण करून घ्यावे. 7 × 7 मीटर अंतरावर 1 मीटर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. खड्डे चांगली माती व शेणखताने भरावेत, जमीन चोपण असल्यास शिफारशीनुसार जिप्सम मिसळावे. एकाच जातीची कलमे न लावता एन.ए.-7, कृष्णा, कांचन यांपैकी किमान दोन जाती लावाव्यात, म्हणजे परागीभवन होऊन फळधारणा चांगली होते.

जांभूळ ओलसर जागीही टिकते. 10 × 10 मीटर अंतर ठेवावे. दापोली विद्यापीठाच्या कोकण बहाडोली जातीची कलमे रोपांपेक्षा लवकर फळावर येतात. शेवग्याला मात्र साचलेले पाणी चालत नाही. तो उंच बांधावर सुमारे 3 मीटर अंतराने लावून वेळोवेळी छाटावा. परसात मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरल्यास हिवाळाभर कोवळी भाजी मिळते. कारल्याचा वेल कुंपणावर चढवावा आणि वापरलेल्या पाण्याच्या निचऱ्याकडे अळू न लावता स्वच्छ पाण्यावरच पालेभाज्या घ्याव्यात.

जेवणात ताटाचा निम्मा भाग भाजी व कोशिंबिरीने भरावा. पाव भागात ज्वारीची भाकरी किंवा थोडा भात आणि पाव भागात डाळ, उसळ घ्यावी. भाजी आधी धुऊन मग चिरावी, चिरल्यावर लगेच झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी. त्यामुळे क जीवनसत्त्वाचा नाश कमी होतो.

पायांची काळजी

मज्जातंतू दुबळे झाले की पायाला इजा झालेली कळत नाही. ऊसतोडीनंतर उभे राहिलेले बुडखे, पाचटातील काटे आणि पुराचा चिखल यांमुळे शेतकऱ्याचे पाय सतत धोक्यात असतात. 2005, 2019 व 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील लोकांना दिवसचे दिवस पाण्यात वावरावे लागले. अशा वेळी मधुमेहीने गमबूट वापरावेत, घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी. रोज रात्री तळवे पाहावेत, दिसत नसल्यास आरसा घ्यावा किंवा घरच्यांना दाखवावेत. देवदर्शनाला अनवाणी जायचे असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे, तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालू नयेत.

जखमेवर हळद लावण्याची आपली रीत जुनी आहे. अमेरिकेत 1995 साली तिच्यावर दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन 1997 साली रद्द करवले. हे ज्ञान आपले आहे, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु मधुमेहीच्या पायाची जखम हळद भरून, फडके बांधून आठवडाभर झाकून ठेवू नये. ती वरून सुकलेली दिसते आणि आत पू पसरतो. पायावर फोड, भेग किंवा रंगात बदल दिसताच दुसऱ्या दिवशीपर्यंत डॉक्टरांना दाखवावे.

वर्षातून करावयाच्या तपासण्या

तीस वर्षांवरील प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी तपासावे. बहुतेकांसाठी ते 7 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते, वयस्कर व्यक्तींसाठी डॉक्टर वेगळी मर्यादा ठरवतात. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. लघवीतील अल्ब्युमिन ही मूत्रपिंडाच्या बिघाडाची पहिली खूण आहे. या टप्प्यावर योग्य औषधाने पुढील नुकसान पुष्कळ लांबवता येते. तंबाखू, मिश्री व बिडी पूर्ण सोडावी.

बंधू-भगिनींनो, उंबर, जांभूळ, आवळा, मेथी, शेवगा ही आपली संपत्ती आहे. ती जोपासा, ताटात आणा, मुलांना लहानपणापासून त्यांची चव लावा. ज्यांना अजून मधुमेह नाही, त्यांना अशा आहाराचा व अंगमेहनतीचा मोठा उपयोग आहे. ज्यांना तो झाला आहे, त्यांनी हा आहार औषधाच्या जोडीला घ्यावा, औषधाच्या जागी नव्हे. काढा घेत असाल तर तो लपवू नका, पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना डॉक्टरांना त्याचे नाव व प्रमाण सांगा. आणि मागील वर्षभरात लघवी व डोळ्यांची तपासणी झाली नसेल, तर या हंगामातील पुढील कामाला लागण्यापूर्वी ती करून घ्या.